डावा पीळ

भाच्याच्या दुकानात, खिडकीपाशी, माझं टेबल.
बाहेर वूच शहराचा नोव्हेंबर, चारलाच दिवे,
आणि गिरणीची लाल भिंत. आता तिच्या आत लोक कॉफी पितात.
सव्वीस वर्षं मी तिथे सूत काढलं.
आता इथे ॲटमायझर धुते.

आणतात ती चिकट, कळकट,
तळाशी जळक्या गुळासारखी पुटं,
म्हणतात, बाई, करपट लागतंय, बघा जरा.
आटे हळू सोडवते, घाई केली की रुसतात.
रबरी कड्या आधी बशीत,
त्यांना स्पिरिट सोसत नाही, फुगतात.
बाकी सगळं कोमट पाण्यात, चिमूटभर सोडा,
स्क्रूंना जुना दाताचा ब्रश,
हवेच्या भोकांना सुई.

कापूस मात्र धुवायचा नाही.
काळा पडला की चिमट्याने ओढायचा, टाकायचा.
विटोल्ड म्हणतो, त्यात विचार कसला.
पण पायाशी उडालेलं तूससुद्धा
ज्या बाईने झाडून परत दिलं,
तिचा हात एकदा थबकतो. थबकू दे.

मग तार. नुसती, उघडी.
बटण थोडं दाबायचं, सोडायचं, पुन्हा थोडं.
लाली मधल्या वेढ्यात उगवली पाहिजे
आणि दोन्हीकडे सारखी पसरली पाहिजे.
कडेचा वेढा आधी पेटला
तर चिनीमातीच्या टोकाने हलकं खाजवायचं.
विझल्यावरच पाण्याखाली धरायची.
तापलेली तार पाण्यात बुडवणारी पोरं आहेत.
त्यांच्या तारा टिकत नाहीत.

मंगळवारी ग्रात्स्यान आला,
बावूतीतला, ट्राम चालवायचा.
"भावाचं आहे. स्वच्छ करा, शुक्रवारी नेतो."
भाऊ कुठे, मी विचारलं नाही.
कापसाला चेरीचा आणि कसल्याशा पाल्याचा वास होता. टाकला.
मग तार पाहिली आणि थांबले.
सहा वेढे, एकमेकांना खेटून,
आणि सगळे उलट्या अंगाने.
सुताचा पीळ मी अंधारात बोटांनी ओळखायचे,
ही तर दिव्याखालची तार.
विटोल्ड म्हणाला, नवी घाल, दोन झ्लॉटीची तर गोष्ट.
मी म्हटलं, चांगली आहे, राहू दे.

शुक्रवारी ग्रात्स्यानने ते नाकाशी धरलं.
पुन्हा धरलं.
"काहीच नाही," म्हणाला.
मला वाटलं, कौतुक. म्हटलं, तीन पाणी काढलीत.
"लुत्स्यानचा वास होता यात.
कापूस कुठंय?"
कचऱ्याची गाडी गुरुवारी येते.

कामात माझं काहीच चुकलं नव्हतं.
हे स्वतःला सांगताना कान गरम झाले.
मग टोपण काढलं, भिंग पुढे केलं:
तार बदललेली नाही, त्यांचीच आहे.
बघा, उलटी वळलीये. डावखुरे होते ना?

"नव्हता."
मग बराच वेळ काही नाही. हीटर तेवढा खडखडला.
"दुसरीत होता. बाईंनी वर्षभर
हात पाठीला बांधून बसवला.
पुढे सगळं उजव्याने. सही, चमचा, क्रूस."
भिंगाला डोळा तसाच.
"हे कधी वळायचा?"
रात्री, मी म्हटलं. एकटे असताना.

सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात,
आणि म्हणतात ते हट्टी माणसाला टोमणा म्हणून.
मी ती तार सात वेळा लाल केली होती.

त्याला दमा आहे, ओढत तर तो नाहीच.
तरी म्हणाला, कापूस घाला.
घातला. फार झाला तर रस चढत नाही,
कमी झाला तर गळतो.
सरकवताना तारेने किंचित अडवावं, एवढाच.
शेवटी टोकं.
कात्री डाव्या हातात घेऊन पाहिली.
वाकडी कापली गेली.
तशीच ठेवली.